शून्य ते सहा

बावीस लक्षणं. प्रत्येकापुढे शून्य ते सहा,
योग्य त्या आकड्याला गोल करा.
तेजल ढमढेरे, वय पंधरा, धनकवडी, चढाईपटू,
हिने बावीस शून्यांना बावीस गोल केले,
शून्याभोवती शून्य,
इतके नीटस की मला त्यांचाच संशय आला.

मंगळवारी सणस मैदानावर
तिघींनी मिळून तिला उचललं, आणि खाली सोडलं.
मॅटची कड संपते तिथे डोकं.
उठली, गुण मागितला,
आणि चालत जाऊन
समोरच्या संघाच्या बाकावर बसली.
हे तिला आठवत नाही.
मैत्रिणींनी व्हिडिओ दाखवला तेव्हा हसली म्हणे.

आमच्या वेळी कांदा हुंगवायचे.
किती बोटं? दोन.
जा, खेळ.
मीही गेले होते एकदा.
त्या वर्षीचा भूगोल मला अजून सापडलेला नाही.

फॉर्म इंग्रजीतून आलाय, मराठी माझं,
काही ओळी लंगडतात.
"डोकं धुक्यात असल्यासारखं?"
"धुकं सिंहगडावर असतं, मॅडम."
"मंदावल्यासारखं?"
"म्हणजे बीआरटीसारखं?"
बाप हसत नाही. कंडक्टर आहे, कात्रज डेपो.
खिडकीशेजारी बसून त्याचा वेगळा फॉर्म भरतोय,
सुटे पैसे मोजावेत तसा
प्रत्येक आकडा दोनदा.
प्रकाशाचा त्रास: पाच.
चिडचिड: चार, खोडून पाच.
"नेहमीसारखं वाटत नाही" यापुढे
आकडा सोडून त्याने लिहिलंय,
चहात मीठ घातलं. आणि प्यायली.

पाच शब्द सांगते, लक्षात ठेव.
लिंबू, पायरी, चिमटा, साबण, ढग.
आता महिने उलटे म्हण.
"मराठी की इंग्रजी?"
मराठी येतात?
"सुलटे पण नाही येत."
हे लक्षण नव्हे, हे मी कुठेच नोंदवत नाही.
डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर,
ऑगस्ट.
सप्टेंबर कुठे गेला ते शोधायला
ती छताकडे बघते,
आणि ट्यूबलाइट तिचे डोळे मिटवते.

उभी राहा. पावलापुढे पाऊल,
टाच बोटांना टेकवून,
हात कमरेवर, डोळे बंद, वीस सेकंद.
मी घड्याळ दाबते.
आधी वाटतं नुसता श्वास आहे,
मग ऐकू येतं
कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी
ओठ न हलवता, अगदी आतून,
जणू मधली रेषा तिथेच कुठेतरी आहे
आणि हात पोचला की झालं.
अकराव्या सेकंदाला टाच सुटली,
मग हात,
मग दम.
खोलीत कुणी तिला धरलं नव्हतं.
कुणी पाय ओढला नव्हता.
एवढं तिला कळलं.

तिने फॉर्म परत मागितला.
"पेननं केलंय. खोडलेलं चालेल?"
चालेल.
डोकेदुखी तीन. आवाजाचा त्रास चार.
धुक्यापाशी थांबली.
तुझ्या शब्दांत सांग, मी म्हटलं.
"पंच बोलतोय,
पण शेजारच्या मैदानावरून."
ते मी समासात लिहून ठेवलं,
पुढच्या पोरांसाठी.

मी उठून ट्यूब बंद केली.
रविवारच्या फायनलबद्दल कुणी काही बोललं नाही,
मी फक्त एका कागदावर सही केली
आणि तिने ती उलटी वाचली.
बाप म्हणाला, "आणि दहावी?"
त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही.

शेवटी ते पाच शब्द.
लिंबू.
पायरी. ढग.
साबण.
ती फरशीकडे बघत राहिली,
चपलेच्या अंगठ्यात पाचवा अडकलाय अशी.
आणि तिच्या मागे, मला दिसेल असा,
बाप अंगठा आणि तर्जनी
जुळवत होता, उघडत होता, जुळवत होता,
मशीन यायच्या आधी
तिकिटाला भोक पाडायचा
तसा.